डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू म्हणतं अर्धीही नाही: सर्व्हरवरची हरवलेली जागा

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा ईआरपी (बिलं, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर आहे. उबुंटू, त्यावर मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस, आणि सगळं मिळून एकच ९८ जीबीचं रूट (म्हणजे मुख्य) पार्टिशन, ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचं. काल दुपारपासून बिलं निघत नाहीत, स्क्रीन नुसती फिरत राहते. 'डीएफ -एच' वापर ९३ जीबी, शिल्लक शून्य आणि १०० टक्के दाखवतं. ईआरपीची २२ जीबीची लॉग फाइल 'आरएम'ने काढली, तरी जागा मोकळी झाली नाही. 'डीयू'ने रूट पार्टिशनवरचं सगळं मोजलं तर बेरीज ३८ जीबीच भरते. बॅकअपसाठी बाहेरची डिस्क '/बॅकअप' या फोल्डरावर हाताने माउंट करतात, म्हणजे जोडतात. मागच्या महिन्यात लाइट गेली, सर्व्हर रीस्टार्ट झाला, आणि तीन रात्री ती डिस्क माउंटच नव्हती. रोज रात्री साधारण ११ जीबीचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) पडतो. नवीन ५०० जीबीची एसएसडी येऊन पडली आहे, पण सुरुवात कुठून करायची ते समजत नाही.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाका.)

तुम्ही दिलेल्या आकड्यांत उत्तर जवळजवळ पूर्ण आहे. ९३ मधून ३८ वजा केले की ५५ जीबी उरतात. त्यातले २२ तुम्ही काढलेल्या लॉगचे. राहिले ३३, म्हणजे ११ जीबीचे तीन डंप, म्हणजे त्या तीन रात्री. जागा कुठेही हरवलेली नाही. ती दोन ठिकाणी आहे, आणि दोन्ही ठिकाणं 'डीयू'ला दिसत नाहीत.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. 'डीएफ' थेट फाइलसिस्टिमला विचारतं की तुझे किती ब्लॉक (डिस्कवरचे जागेचे तुकडे) वापरात आहेत. 'डीयू' मात्र फोल्डरामागून फोल्डर फिरतं आणि नाव दिसेल त्या फाइलची बेरीज करत जातं. ज्या फाइलचं नाव गेलं पण ब्लॉक सुटले नाहीत, ती 'डीयू'च्या बेरजेत येत नाही. जिच्यावर दुसरं काही माउंट झाल्यामुळे ती झाकली गेली, तीही येत नाही. दोघांच्या आकड्यात मोठा फरक दिसला की या दोन शक्यता पहिल्या तपासायच्या. एक खबरदारी मात्र घ्या: 'डीयू' सुडो लावूनच, म्हणजे रूट युजरच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) अधिकाराने, चालवा. नाहीतर परवानगी नसलेले फोल्डर वगळले जातात आणि नसलेला फरक दिसतो.

आता पहिलं काम म्हणजे आणखी काहीही न काढणं. डिस्क भरली की माणूस घाबरून मोठी फाइल दिसेल ती उडवत सुटतो, आणि मायएसक्यूएलच्या फोल्डरातल्या सगळ्यात मोठ्या फाइल नेमक्या सगळ्यात मौल्यवान असतात. 'आयबीडेटा१' ही डेटाची फाइल किंवा बिनलॉगच्या (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदीच्या) फाइल हाताने काढल्या की प्रश्न जागेचा राहत नाही, डेटाचा होतो. मायएसक्यूएललाही 'किल -९'ने जबरदस्तीने बंद करू नका. जागा संपल्यावर बऱ्याच ठिकाणी तो लिहिणं थांबवून वाट पाहत बसतो, दर मिनिटाला जागा झाली का ते बघतो आणि झाली की पुढे चालू लागतो. तुमची स्क्रीन फिरत राहते त्याचं कारण बहुधा हेच आहे.

रीस्टार्टही इतक्यात नको. रीस्टार्टने ते २२ जीबी सुटतील हे खरं. पण तुमची बॅकअपची डिस्क पुन्हा माउंट होणार नाही, आणि आज रात्रीचा डंप परत रूटवर पडेल.

डेटा न हलवता दोन मिनिटांचा श्वास हवा असेल तर तो ईएक्सटी४ मध्येच आहे. ही फाइलसिस्टिम बनवताना ५ टक्के ब्लॉक रूट युजरसाठी राखून ठेवले जातात. म्हणूनच ९८ पैकी ९३ वापरात असूनही शिल्लक शून्य दिसते. 'ट्यून२एफएस -एम २' आणि पुढे त्या पार्टिशनचं नाव दिलं, की राखीव भाग २ टक्क्यांवर येतो आणि जवळपास ३ जीबी लगेच सर्वांसाठी खुले होतात. चालू, माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर हे करता येतं. पण संकट टळल्यावर रूट पार्टिशनवर तो आकडा परत ५ वर न्या. डिस्क भरलेली असतानाही तुम्हाला लॉगिन करून दुरुस्ती करता येते ती या राखीव जागेमुळे.

आता त्या २२ जीबीकडे वळू. लिनक्समध्ये 'आरएम' फाइलचं फक्त नाव काढतं. एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत ब्लॉक अडकलेलेच राहतात. तुमच्या ईआरपीची प्रोसेस त्या लॉगमध्ये अजून लिहिते आहे, नाव नसलेल्या फाइलमध्ये. 'सुडो एलएसओएफ +एल१' (अधिकच्या चिन्हापुढचा एल मोठ्या लिपीतला) चालवा. जिचं एकही नाव उरलेलं नाही पण जी उघडी आहे, अशा प्रत्येक फाइलची ओळ येईल. त्या ओळीत पाहायचं काय? पहिल्या रकान्यात प्रोग्रॅमचं नाव. दुसऱ्यात पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, समजा २१४७. मग एफडीचा रकाना, तिथे '४डब्ल्यू' असं काहीतरी असेल. ४ हा त्या प्रोसेसच्या लेखी फाइलचा क्रमांक आणि डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली. आकाराच्या रकान्यात २३ अब्जांच्या आसपासचा बाइटचा आकडा, आणि अगदी शेवटी जुन्या मार्गापुढे कंसात 'डिलीटेड'. हीच तुमची २२ जीबी.

ती सोडवायचा सरळ मार्ग म्हणजे ईआरपीची सर्व्हिस रीस्टार्ट करणं. प्रोसेस बंद झाली की फाइल बंद होते आणि ब्लॉक सुटतात. जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं मागून घ्या आणि करा. सर्व्हिस अजिबात थांबवता येत नसेल, तर '/प्रॉक/२१४७/एफडी/४' या वाटेने ती फाइल रिकामी करता येते: 'ट्रंकेट -एस ०' आणि पुढे हा मार्ग. त्यात एक बारकावा आहे. प्रोग्रॅमने फाइल 'अपेंड' पद्धतीने उघडलेली नसेल, तर रिकामी केल्यावरही तो जुन्याच ठिकाणापासून, म्हणजे २२ जीबीच्या पुढूनच, लिहायला लागतो. आकाराच्या रकान्यात पुन्हा २२ जीबी दिसतात, पण मधला भाग पोकळ असतो आणि त्याला ब्लॉक लागत नाहीत. अशा वेळी भरवसा 'डीएफ'वर ठेवा. यापुढे चालू लॉग 'आरएम' करायचा नाही, 'ट्रंकेट'ने रिकामा करायचा, एवढं ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता ३३ जीबी. हे प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते परत होणार आहे.

खाटेवर वस्तू पडलेल्या असताना वरून चादर अंथरली, की त्या दिसत नाहीत, पण असतात तिथेच. माउंटही तसंच. '/बॅकअप' हा रूट पार्टिशनवरचा एक साधा फोल्डर आहे. डिस्क माउंट असली की तिथे डिस्क दिसते, नसली की तो रिकामा फोल्डर. त्या तीन रात्री स्क्रिप्टने कुरकुर न करता रिकाम्या फोल्डरात डंप टाकले, म्हणजे रूट पार्टिशनवर. चौथ्या दिवशी तुम्ही डिस्क माउंट केली आणि ते तिन्ही डंप तिच्याखाली झाकले गेले.

डिस्क न काढता ते पाहता येतात. '/एमएनटी/मूळ' असा एक फोल्डर करा आणि 'माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ' द्या. साध्या बाइंडमध्ये वरची माउंट सोबत येत नाहीत, त्यामुळे रूट पार्टिशन उघडं, जसं आहे तसं दिसतं. 'एलएस -एल /एमएनटी/मूळ/बॅकअप' केलंत की त्या तीन तारखांचे डंप समोर येतील. ते लगेच उडवू नका. त्या तीन दिवसांचे तेवढेच बॅकअप तुमच्याकडे आहेत. आधी खऱ्या '/बॅकअप'वर त्यांची प्रत करा, दोन्हींचा 'एसएचए२५६सम' (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळतो का पाहा, आणि मगच इथले काढा, तेही एकेक नाव लिहून. '/एमएनटी/मूळ' ही रूटची प्रत नाही. ते तुमचं खरं रूटच आहे. तिथे 'आरएम -आरएफ'मध्ये एक जागा चुकीची सुटली, तर सर्व्हर गेला. काम झालं की लगेच 'यूमाउंट /एमएनटी/मूळ' करा.

एवढं झालं की 'डीएफ' ३८च्या आसपास यायला हवं. तिथे बिलं सुरू होतील.

हे परत घडू नये म्हणून तीन गोष्टी करायच्या. मी त्यातली एकही सोडणार नाही.

पहिली, डिस्क '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये (बूटला आपोआप माउंट करायच्या डिस्कच्या यादीत) नोंदवा, आणि तीही यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने. 'एसडीबी१' सारखं नाव प्रत्येक बूटला तेच राहील याची खात्री नसते, विशेषतः यूएसबी डिस्कच्या बाबतीत. 'एलएसबीएलके -एफ' केलं की यूयूआयडी दिसतो. ओळीत सहा रकाने असतात: डिस्क, माउंट पॉइंट, फाइलसिस्टिमचा प्रकार, पर्याय, डंप आणि एफएससीकेचा (फाइलसिस्टिम तपासणीचा) क्रम. पर्यायांत 'नोफेल' घालायला विसरू नका. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी (बूटला सगळ्या सर्व्हिस उठवणारा प्रोग्रॅम) साधारण ९० सेकंद वाट पाहून सर्व्हरला इमर्जन्सी मोडमध्ये नेतं. मग एसएसएच नाही, ईआरपी नाही, रात्री कुणीतरी कारखान्यात जाऊन मॉनिटर-कीबोर्ड लावायचा. बॅकअपची डिस्क निघाली म्हणून बिलिंग बंद पडणं हे योग्य नाही. ओळ लिहिल्यावर 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड', मग 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय', मग 'माउंट -ए'. एफएसटॅबमधली चूक तिथल्या तिथे दिसली पाहिजे, पुढच्या बूटला नाही.

दुसरी, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच 'माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप' ही तपासणी घाला. तिथे खरोखर काही माउंट नसेल तर स्क्रिप्टने थांबायचं आणि मेल किंवा एसएमएस पाठवायचा. गप्प राहून चुकीच्या जागी लिहिलेला बॅकअप हा न झालेल्या बॅकअपपेक्षा वाईट, कारण सगळ्यांना वाटतं की तो झाला आहे.

तिसरी फार थोडे लोक करतात. डिस्क काढलेली असताना रिकाम्या '/बॅकअप' फोल्डरला 'सीएचएटीटीआर +आय' लावा. मग त्या रिकाम्या फोल्डरात रूटलाही फाइल बनवता येत नाही, स्क्रिप्ट तिथेच आपटते. डिस्क माउंट करायला याने काही आडकाठी येत नाही, माउंट झालेल्या डिस्कवर नेहमीसारखं लिहिता येतं. एका ओळीचं काम आहे आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

सोलापुरात लाइटचा भरवसा कुणी देत नाही. एमआयडीसीत तर यूपीएसची बॅटरी कधी दगा देईल ते एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कळतं. सर्व्हर कधीही, कुणीही समोर नसताना रीस्टार्ट होणार हे धरूनच माउंटची आखणी करा. जे हाताने करावं लागतं ते एक दिवस राहून जाणारच.

आता त्या २२ जीबीच्या लॉगचं मूळ. त्याला लॉगरोटेट (जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला करून काढणारं साधन) लावलेलं नसणार. '/ईटीसी/लॉगरोटेट.डी'मध्ये त्याच्या नावाने एक छोटी फाइल करा: रोज फिरव, १४ प्रती ठेव, कॉम्प्रेस कर, फाइल नसेल तर तक्रार करू नको. ईआरपीला लॉग पुन्हा उघडायला सांगायची सोय असेल तर ती 'पोस्टरोटेट'मध्ये लिहा. नसेल तर 'कॉपीट्रंकेट' वापरा. त्यात प्रत काढणं आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणातल्या काही ओळी निसटू शकतात, आणि प्रत होताना तेवढी जागा जास्त लागते. टॉवेलच्या ईआरपीला ते चालेल. हॉस्पिटलच्या औषध-नोंदीच्या लॉगला मी ते लावणार नाही. 'लॉगरोटेट -डी'ने आधी कोरडी चाचणी घ्या. मात्र एका रात्रीत २२ जीबी झाले असतील, तर लॉगरोटेट हा उपाय नव्हे. मग डिबग लेव्हल कुणीतरी चालू ठेवली आहे, ती बंद करा.

सिस्टिमच्या जर्नलची काळजी करू नका. तो फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि कमाल ४ जीबी, एवढाच वाढतो. हवं तर 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम' करा.

मायएसक्यूएलचे बिनलॉग मात्र पाहा. ८.० मध्ये बिनलॉग मुळातच चालू असतात आणि ३० दिवस राहतात. 'शो बायनरी लॉग्ज' दिलं की यादी आणि आकार दिसतील. रोज रात्री पूर्ण डंप घेत असाल तर ७ दिवस पुरेत: 'बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्ज_सेकंद्स' हा आकडा ६०४८०० करा, 'सेट पर्सिस्ट'ने, म्हणजे रीस्टार्टनंतरही टिकेल. जुने काढायचे तर मायएसक्यूएलच्या आतून 'पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर' आणि तारीख. बाहेरून 'आरएम' नाही, कारण मायएसक्यूएल त्या फाइलची यादी स्वतः सांभाळतो. दुसऱ्या सर्व्हरवर रेप्लिका (या डेटाबेसची चालती प्रत) असेल तर तो कुठपर्यंत पोचला आहे ते आधी बघा.

सर्व्हरवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं साधन) असेल (प्रश्नात नाही, पण अनेकांकडे असतो), तर त्याचे कंटेनर लॉग मुळात अमर्याद वाढतात. 'मॅक्स-साइझ' तुम्हालाच घालावा लागतो. 'डॉकर सिस्टिम डीएफ'ने आधी हिशेब पाहा. 'प्रून' (नको ते झाडून काढणारी कमांड) हिला '--व्हॉल्यूम्स' जोडण्याआधी कुठल्या व्हॉल्यूममध्ये डेटाबेस आहे हे खात्रीने माहीत असू द्या.

जागा दिसते आहे, तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतं, हा वेगळा प्रकार. तेव्हा 'डीएफ -आय' करायचं. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलला एक इनोड (तिच्या माहितीची नोंद) लागतो, आणि इनोडची एकूण संख्या फाइलसिस्टिम बनवतानाच ठरते, नेहमीच्या पद्धतीत दर १६ केबीला एक. म्हणजे २० जीबीच्या पार्टिशनवर साधारण १३ लाख फाइल, पुढे एकही नाही. पंढरपुरातल्या एका लॉजच्या बुकिंग साइटवर आषाढीच्या तोंडावर हे झालं होतं. डिस्क निम्मी रिकामी, साइट बंद. डेव्हलपरने पीएचपीच्या सेशन फाइलचा फोल्डर कोडमधून बदललेला होता. डेबियन-उबुंटूवर जुन्या सेशन झाडणारं काम ठरलेल्या फोल्डरातच झाडतं, या नव्या फोल्डराकडे कुणी फिरकतच नव्हतं. अशा फोल्डरात 'आरएम *' चालत नाही, यादीच कमांडच्या मर्यादेपेक्षा मोठी होते. 'फाइंड'ला तारखेची अट देऊन शेवटी '-डिलीट' लावायचं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये इनोड लागतील तसे बनत जातात, त्यामुळे तिथे ही अडचण क्वचित येते.

नव्या एसएसडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जे वाढतं ते रूटवर नको. डेटाबेस वाढतो, तर त्याला स्वतःचं माउंट द्या. मग उद्या तो भरला तरी लॉगिन चालेल, लॉग लिहिले जातील, सर्व्हर तुमचं ऐकेल. सगळं एकाच पार्टिशनवर असलं की एका फाइलच्या वाढीने सगळेच अडकतात, कालपासून तुम्ही ते पाहत आहात.

एसएसडीवर एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटून नंतर वाढवायची सोय) करा. तिचा वेगळा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे जागेचा साठा, ठेवा; त्यातून काढलेला वाटा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. जुन्या डिस्कच्या ग्रुपमध्ये तिला मिसळून एक मोठा लॉजिकल व्हॉल्यूम दोन्ही डिस्कवर पसरवू नका. मग दोनपैकी कुठलीही डिस्क गेली की तो व्हॉल्यूम गेला. डेटाबेससाठी १५० जीबीचा लॉजिकल व्हॉल्यूम काढा आणि बाकी जागा ग्रुपमध्ये मोकळी राहू द्या. पूर्ण ५०० देऊन टाकायचा मोह होतो, पण वाढवणं सोपं आणि कमी करणं अवघड असतं. 'एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +५०जी' (इथला दुसरा एल मोठ्या लिपीतला) दिलं, की व्हॉल्यूम आणि त्यावरची फाइलसिस्टिम दोन्ही चालू असतानाच वाढतात. 'आर' विसरलात तर व्हॉल्यूम वाढतो आणि 'डीएफ' तेच जुने आकडे दाखवतं. मग ईएक्सटी४ला 'रिसाइज२एफएस' डिस्कच्या नावावर, आणि एक्सएफएसला 'एक्सएफएस_ग्रोएफएस' माउंट पॉइंटवर चालवावं लागतं. कमी करायचं तर ईएक्सटी४ अनमाउंट करून करता येतं, एक्सएफएसची तशी सोय समजू नका. तुमच्यासाठी मी ईएक्सटी४च घेईन. या डेटा व्हॉल्यूमवर राखीव भाग १ टक्का केला तरी चालतो, तिथे रूट युजरला वेगळं काही राखायचं नाही.

हलवणं कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी करा. त्या आधी ताजा डंप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघा. मग मायएसक्यूएल थांबवा. नवा व्हॉल्यूम तात्पुरता '/एमएनटी/नवा'वर माउंट करून 'आरसिंक -एएचएएक्स'ने (पहिला ए लहान, पुढची तीन अक्षरं मोठ्या लिपीतली) '/व्हार/लिब/मायएसक्यूएल/' तिकडे उतरवा. शेवटचा स्लॅश दोन्हीकडे द्या, म्हणजे वरच्या फोल्डरची मालकीही बरोबर येते. नंतर जुन्या फोल्डरचं नाव बदलून 'मायएसक्यूएल-जुना' करा, त्याच मूळ नावाचा रिकामा फोल्डर बनवा आणि नवा व्हॉल्यूम तिथे माउंट करा. नाव बदलण्याची पायरी गाळली तर जुना डेटा नव्या माउंटखाली झाकला जाईल, आणि तुम्ही परत 'डीएफ' व 'डीयू'मधला फरक शोधत बसाल. मार्ग तोच ठेवल्यामुळे मायएसक्यूएलची कॉन्फिग आणि उबुंटूचं अ‍ॅपआर्मर (कोणत्या प्रोग्रॅमला कोणत्या फोल्डरात जाता येईल ते ठरवणारं), दोन्हींना हात लावावा लागत नाही.

एफएसटॅबमध्ये इथेही 'नोफेल' ठेवा. पण मग एक धोका उरतो: माउंट झालं नाही तर मायएसक्यूएल रिकाम्या फोल्डरावर सुरू व्हायला बघेल. त्यासाठी 'सिस्टिमसीटीएल एडिट मायएसक्यूएल' करून 'युनिट' भागात 'रिक्वायर्समाउंट्सफॉर=/व्हार/लिब/मायएसक्यूएल' ही ओळ घाला. माउंट नसेल तर सर्व्हिस उठणारच नाही, आणि बाकी सर्व्हर चालू राहील.

लक्ष ठेवण्याबाबत. बरेच जण ८० टक्क्यांना मेल लावतात आणि थांबतात. ते हवंच, पण मला वाढीचा वेग जास्त सांगतो. दर आठवड्याला 'डीयू -एक्स'ची पहिल्या दोन पातळ्यांची यादी तारखेच्या नावाने साठवा. '-एक्स'मुळे ती एकाच फाइलसिस्टिममध्ये राहते, बॅकअपच्या डिस्कमध्ये शिरत नाही. महिन्याने दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोण फुगतं आहे ते सरळ दिसतं. हा वेग कामाच्या दिवसांत मोजा. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचे फोटो साठवायची पद्धत असेल तिथे हंगामात डिस्क दिसता दिसता भरते, आणि उन्हाळ्यात मोजलं तर वाढ शून्य. तुमच्याकडे एक्स्पोर्टच्या ऑर्डरींचे महिने आणि मार्चअखेर पकडा. आणि टक्क्यांसोबत इनोड आणि '/बॅकअप' माउंट आहे की नाही, या दोन्हींची सूचनाही लावा. त्या तीन रात्रींची सूचना आली असती, तर कालचा दिवस उजाडलाच नसता.

तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये 'डीएफ -एल' वापरा. कुठे एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेला दुसऱ्या सर्व्हरचा फोल्डर) असेल आणि पलीकडचा सर्व्हर बंद पडला, तर साधं 'डीएफ' लटकून राहतं, आणि दर पंधरा मिनिटांनी एक अशा लटकलेल्या प्रोसेस साचत जातात.

माउंट सोडवताना 'टार्गेट इज बिझी' आलं तर 'फ्यूझर -व्हीएम' आणि माउंट पॉइंट द्या, कोण धरून बसलं आहे ते कळेल. बऱ्याचदा तो तुमचाच दुसरा टर्मिनल असतो, त्या फोल्डरात उभा. 'यूमाउंट -एल'ने नाव नाहीसं होतं पण आतल्या उघड्या फाइल तशाच चालू राहतात, आणि यूएसबी डिस्क तशीच उपटली तर डेटा जातो. बॅकअपच्या डिस्कवर ते नकोच.

आणि कधी 'रीड-ओन्ली फाइलसिस्टिम' असा निरोप आला, तर तो जागेचा प्रश्न समजू नका. ईएक्सटी४ला चूक सापडली की ती स्वतःला लिहिण्यापासून रोखू शकते. 'डीएमईएसजी' (कर्नलचे निरोप) आणि 'स्मार्टसीटीएल' (डिस्कची तब्येत) पाहा. माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर 'एफएससीके' चालवू नका, आणि आधी बॅकअप बाहेर काढा.

नव्या एसएसडीचं सगळं झाल्यावर, त्याच सुट्टीच्या दिवशी, कुणी कामावर नसताना सर्व्हर एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा आणि हात न लावता सगळं उठतं का पाहा. 'फाइंडएमएनटी'मध्ये '/बॅकअप' आणि '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' या दोन्ही ओळी दिसल्या पाहिजेत, ईआरपीतून एक चाचणी बिल निघालं पाहिजे, आणि दुसऱ्या सकाळी रात्रीचा डंप त्या डिस्कवर नव्या तारखेने सापडला पाहिजे. आठवडाभर असं चाललं की 'मायएसक्यूएल-जुना' काढून टाका.